ब्राझीलला पार्ट विकायचेत? आधी ॲनोडायझिंगचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात उद्योगाच्या पानावर ब्राझीलवर लेख होता, तिकडच्या विमानाच्या पार्टचं मार्केट आणि ड्रोनचं मार्केट, मराठी उद्योजकांनी ही संधी सोडू नये वगैरे. आमच्या एमआयडीसीच्या ग्रुपवर तो दिवसभर फिरत होता आणि संध्याकाळपर्यंत दोघातिघांनी ड्रोन एक्स्पोर्ट करायचं ठरवूनसुद्धा टाकलं. मी भोसरीत सीएनसीचं जॉबवर्क करतो, बहुतेक काम गाड्यांचं, थोडंफार विमानाचं, तेही थेट नाही, खालच्या पायरीवरून. म्हणून म्हटलं चार गोष्टी लिहाव्यात. लेखातली माहिती खोटी नाही, पण ती वाचून माणूस नेमका उलट्या टोकाने सुरुवात करेल अशी मांडली आहे. विमानाचे पार्ट आणि ड्रोन हे दोन धंदे एकाच वाक्यात कोंबलेत, आणि त्यातला जो आपल्याला जमण्यासारखा आहे त्याला दोन ओळी आणि जो जमणार नाही त्याला अर्धं पान.

आधी ब्राझीलच का ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांच्या डोक्यात ब्राझील म्हणजे फुटबॉल आणि कॉफी एवढंच असतं. बोइंग आणि एअरबसनंतर प्रवासी जेट बनवणारी जगातली तिसरी मोठी कंपनी ब्राझीलची आहे, एम्ब्राएर. १९६९ साली सरकारने काढली, १९९४ ला खाजगी झाली, साओ पावलो राज्यात साओ जोजे दोस काम्पोस म्हणून शहर आहे तिथे हेड ऑफिस आणि मुख्य कारखाना. २०२४ मध्ये त्यांनी सगळी मिळून २०६ विमानं डिलिव्हर केली. आणि हे एका दिवसात झालं नाही, त्याच गावात १९५० सालीच त्यांनी विमानाचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं होतं, आयटीए, म्हणजे आधी पोरं शिकवली आणि जवळजवळ वीस वर्षांनी कारखाना काढला. (त्यांचा सान्तोस दुमाँ १९०६ ला पॅरिसमध्ये लोकांसमोर उडाला, रिओच्या एका एअरपोर्टला त्याचं नाव आहे. आपण चौपाटीच्या तळपद्यांचं १८९५ चं विमान सांगतो आणि कोणी पुरावा मागितला की चिडतो. असो, तो वेगळा विषय.)

आपल्याकडच्या लोकांनी एम्ब्राएरचं विमान पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. कोल्हापूरच्या घोडावत ग्रुपची स्टार एअर आहे ना, तिची विमानं एम्ब्राएरचीच, ईआरजे १४५ आणि ई १७५. एअर फोर्सचं नेत्र म्हणून टेहळणीचं विमान आहे, डीआरडीओचं रडार बसवलेलं, ते पण एम्ब्राएरवरच उभं केलंय. आणि आता त्यांना आपल्या एअर फोर्सला सी-३९० हे मालवाहू जेट विकायचंय, त्यासाठी फेब्रुवारी २०२४ ला महिंद्राबरोबर करार झाला, २०२५ मध्ये भारतात त्यांनी स्वतःची कंपनी पण काढली. त्या स्पर्धेत अमेरिकेचं सी-१३०जे पण आहे, त्यामुळे ऑर्डर कोणाला मिळेल ते मिळेल. पण या सी-३९० चं मागचं धड, दरवाजे आणि रॅम्प चेक रिपब्लिकमध्ये बनतात, काही भाग पोर्तुगालमध्ये, काही अर्जेंटिनात. म्हणजे ही कंपनी सगळं घरी करत बसत नाही, बाहेर काम देते. एवढं लेखातलं बरोबर आहे.

पण बाहेर काम देते म्हणजे भोसरीच्या गाळ्याला मेल येतो असं नाही हो. पंखाचा, चाकाचा, दरवाजाचा आख्खा सेट बनवणारा टियर वन असतो, त्याच्या खाली टियर टू, त्याच्या खाली आपण. आपलं गिऱ्हाईक ब्राझीलमध्ये नसेलच बहुतेक, ते बेळगावात, बंगळुरात नाहीतर फ्रान्समध्ये असेल, आणि पार्ट आपण तिकडे पाठवणार, तिकडून तो ब्राझीलला जाणार. त्यामुळे 'ब्राझीलला थेट एक्स्पोर्ट' हे जे लेखात मोठ्या अक्षरात होतं ते निदान पहिली काही वर्षं विसरा.

आता पार्टचं काम कसं असतं ते सांगतो, कारण हे कोणी छापत नाही. ड्रॉइंग येतं, समजा ॲल्युमिनियमचा एक ब्रॅकेट आहे हाताच्या पंजाएवढा, ७०७५ ग्रेड, पाच ॲक्सिसवर, म्हणजे पाच दिशांनी फिरून कापणाऱ्या मशीनवर करायचा. मशिनिंग आपल्याला येतं, त्यात मला शंका नाही, आपल्या पोरांना मायक्रॉन कळतो, वर्षानुवर्षं इंजिनाचे पार्ट करतायत. पण मटेरियल मार्केटमधून उचलायचं नाही, गिऱ्हाइकाने मान्य केलेल्या मिलचंच लागतं, त्या कोटीची प्लेट बहुतेक वेळा बाहेरून मागवावी लागते, तुम्हाला शंभर किलो हवं असेल तर ते हजार किलोची ऑर्डर घ्या म्हणतात. मग प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतणीतला तो नंबर, शेवटपर्यंत सांभाळायचा, कुठला तुकडा कुठल्या प्लेटमधून निघाला ते दहा वर्षांनी विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. पहिला पार्ट झाला की फर्स्ट आर्टिकलचा रिपोर्ट, एएस ९१०२ च्या फॉर्मवर, ड्रॉइंगवरचं एकेक डायमेन्शन, एकेक नोट, नंबर टाकून. तो मंजूर व्हायला महिने जातात. आणि मंजूर झाला की प्रोसेस फ्रीझ. फ्रीझ म्हणजे फ्रीझ, मशीन बदलायचं नाही, टूल बदलायचं नाही, गाळा बदलायचा नाही, ऑपरेशनचा क्रम पुढेमागे करायचा नाही, काही बदलायचं तर लेखी परवानगी. आमच्याकडचा कारागीर तिथेच अडतो, त्याला वाटतं मी सायकल टाइम दोन मिनिटांनी कमी केला तर शाबासकी मिळेल, गाड्यांच्या कामात मिळते पण. इथे त्याच दोन मिनिटांसाठी आख्खा लॉट रिजेक्ट.

हे सगळं तरी शिकता येतं. एएस ९१०० चं, म्हणजे विमान उद्योगाच्या क्वालिटीचं, सर्टिफिकेट घेता येतं (ब्राझीलमध्ये त्यालाच एनबीआर १५१०० म्हणतात, माल तोच), कन्सल्टंट मिळतात. खरी गाठ पुढे आहे. मशिनिंग झाल्यावर तो ब्रॅकेट ॲनोडायझिंगला जातो, म्हणजे केमिकलच्या टाकीत वीज सोडून ॲल्युमिनियमवर गंज न लागणारा थर चढवायचा, मग प्रायमर, कधी हीट ट्रीटमेंट, कधी एनडीटी, म्हणजे पार्ट न तोडता आतले तडे शोधायची तपासणी. या कामांना स्पेशल प्रोसेस म्हणतात आणि त्यांना बहुतेक वेळा नॅडकॅपचं, म्हणजे विमान कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या ऑडिटचं, ॲप्रूव्हल लागतं. गल्लीतल्या ॲनोडायझिंगवाल्याकडे ते नाही, आणि तो घेणार पण नाही, कारण त्याला महिन्याला चार डबे विमानाचं काम मिळणार असेल तर टाकीतल्या केमिकलचं रोजचं रेकॉर्ड आणि ऑडिटचा खर्च कशाला करेल? नवीन प्लांट टाकायचा तर प्रदूषण मंडळाची रेड कॅटेगरी, म्हणजे जास्त प्रदूषण करणारा उद्योग, ती परवानगी पुण्याच्या आसपास मिळवणं म्हणजे काय असतं ते धंद्यातल्या माणसाला विचारा. मग होतं काय की पार्ट भोसरीत बनतो, ॲनोडायझिंगला ट्रकने परराज्यात जातो, परत येतो, ओरखडा पडलेला असतो, आणि तो कोणी पाडला यावर महिनाभर मेलामेली. आमचा एक लॉट असाच बसला होता, दोन्ही पार्ट्या म्हणतात आमच्याकडे नाही झालं.

बेळगावजवळ हत्तरगीला एक्वस नावाच्या विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीने एसईझेड केलंय ते बघून या, आपल्या कोल्हापूरपासून गाडीने जेमतेम सव्वा-दीड तास. फोर्जिंग, मशिनिंग, सरफेस ट्रीटमेंट, असेंब्ली, सगळं एका कुंपणात. पार्ट गेटच्या बाहेर जातो तो तयार होऊनच जातो. एअरबस आणि बोइंगला माल जातो तिथून. बेळगावात आपल्यापेक्षा हुशार माणसं आहेत असं काही नाही, कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि पुण्याची मशीन शॉप्स त्यांच्यापेक्षा जुनी आहेत, फक्त तिकडे ॲनोडायझिंगची टाकी कुंपणाच्या आत आहे.

कोणी म्हणेल आपल्याकडे नाशिकचं एचएएल आहे की, ओझरला मिगपासून सुखोईपर्यंत झालं, तेजसची नवीन लाइन सुरू झाली, ऑक्टोबर २०२५ ला पहिलं विमान उडालं पण. बरोबर, आणि नाशिकच्या व्हेंडर लोकांना विमानाच्या कागदाची सवय आमच्यापेक्षा जास्त आहे हे मी मान्य करतो. पण ती सवय लष्करी विमानाची, रशियन ड्रॉइंगची, आपल्या सरकारी इन्स्पेक्शनची आहे. सिव्हिल विमानाचा कागद वेगळा. नागपूरला मिहानमध्ये बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम होतात, फ्रान्सच्या दसॉ कंपनीच्या फाल्कन जेटचे पार्ट होतात, म्हणजे महाराष्ट्रात हे होतच नाही असं नाही, पण ती मोठ्या घरांची कामं, त्यांच्या भिंतीआड. छोट्या गाळ्याला त्यातून काही झिरपलेलं मला तरी दिसलं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पाच ॲक्सिसचं चांगलं मशीन कोटीच्या पुढे, मटेरियल आधी पैसे देऊन, ॲप्रूव्हल येईपर्यंत बिल नाही, आणि बिल झाल्यावर पेमेंट तीन-चार महिन्यांनी. बँकेला सांगितलं ऑर्डर आहे पण पहिला पैसा दीड वर्षाने येईल तर मॅनेजर चहा पाजून घरी पाठवतो. गाड्यांचं काम चालू ठेवून शेजारी हे उभं करायचं, दुसरा मार्ग मला माहीत नाही. ज्याने गाड्यांचं सोडून फक्त विमानाचं करायचं ठरवलं त्याचं मशीन बँकेने ओढून नेलेलं आमच्याच रांगेत बघितलंय.

मग काहीच करू नये का? तसं नाही. एक गोष्ट आहे जी त्या लेखात आलीच नाही आणि मला वाटतं सुरुवात तिथूनच करावी. विमानात उडणारा पार्ट सोडून द्या, विमान बनवायला आणि सांभाळायला जमिनीवर जे लागतं ते करा. पार्ट मापात धरून ठेवणारे जिग आणि फिक्स्चर, ड्रिल टेम्प्लेट, पार्ट ठेवायच्या ट्रॉल्या, मेंटेनन्सचे स्टँड, विमान ओढायचा टो बार, जॅक. हे उडत नाही म्हणून याला ती एवढी मोठी वरात लागत नाही, डिझाइन, वेल्डिंग, मशिनिंग आणि कॅलिब्रेशन नीट असलं की झालं, आणि हे चाकण-भोसरीला झोपेत येतं, गाड्यांच्या लाइनसाठी फिक्स्चर करूनच आपण मोठे झालो. आधी जिग द्यायचे, तिथल्या इंजिनिअरशी ओळख, तुमच्या मापावर त्याचा विश्वास बसला की मग तो पार्टचं ड्रॉइंग दाखवतो.

आता ड्रोन. लेखकाने लिहिलंय की ब्राझीलची शेती प्रचंड, ड्रोनची मागणी प्रचंड, आपल्याकडे नमो ड्रोन दीदीमुळे उत्पादक तयार झालेत, २०२३ पासून आपल्या सरकारने २५ किलोमीटर रेंजपर्यंतच्या आणि २५ किलो वजन उचलणाऱ्या सिव्हिल ड्रोनच्या एक्स्पोर्टचं लायसन्स सोपं केलंय, तर पाठवा. वाक्य सगळी खरी, निष्कर्ष चुकला. आपला शेतीचा ड्रोन साधारण १० लिटरच्या टाकीचा, आपल्या नियमात बसेल असा, आपल्या दोन एकराच्या तुकड्यासाठी. तिकडे मातो ग्रोसो राज्यात एकेक शेत हजारो हेक्टरचं, ४०-५० लिटरचे चिनी ड्रोन थव्याने चालतात, डीजेआय आणि एक्सएजी, त्यांचे डीलर, ट्रेनिंग, स्पेअर सगळं बसलेलं आहे. आणि त्यांच्या वर विमानं, फवारणीच्या विमानांचा ताफा अमेरिकेनंतर जगात सगळ्यात मोठा ब्राझीलचा, त्यातलं इपानेमा हे एम्ब्राएरचंच, बोतुकातूला बनतं आणि चालतं इथेनॉलवर! २००४ पासून. आपण इथे साखर कारखान्यांच्या इथेनॉलवर गाडीचा मायलेज कमी झाला म्हणून भांडतोय आणि ते त्याच्यावर विमान उडवतायत. तर अशा मार्केटमध्ये आपण मोटर चीनची, बॅटरीचे सेल चीनचे, वर आपला स्टिकर, असा ड्रोन घेऊन गेलो तर तो चिनी ड्रोनपेक्षा महागच पडणार ना. विकेल कोण आणि घेईल कोण?

नियम तिकडे चांगले आहेत हे मात्र सांगितलं पाहिजे. २०१७ ला त्यांच्या अनाकने, म्हणजे आपलं डीजीसीए समजा, ड्रोनचे नियम केले, २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची नोंदणी, वजनानुसार तीन वर्ग. २०२१ ला शेती खात्याने फवारणीच्या ड्रोनचे वेगळे नियम केले, चालवणाऱ्याला कोर्स, कंपनीची नोंदणी. २०२३ ला मोठ्या फवारणी ड्रोनची कटकट कमी केली, वस्तीपासून लांब, नजरेच्या टप्प्यात आणि ४०० फुटांच्या आत उडवत असाल तर जड ड्रोनला पण छोट्यासारखे नियम. आणि ड्रोनच्या रेडिओला अनातेलचं, म्हणजे टेलिकॉमवाल्यांचं, ॲप्रूव्हल लागतं ते वेगळं. आपल्या माणसाला हे शेवटचं नेमकं माहीत नसतं आणि माल कस्टममध्ये अडकतो.

आपल्याला जागा कुठे आहे तर ड्रोनच्या आजूबाजूला. तिकडची फवारणीची टीम पिकअपच्या मागे ट्रेलर लावून फिरते, त्यावर जनरेटर, पाण्याची टाकी, औषध मिसळायचा सेट, बॅटरी चार्जर. पंप, नोझल, टाकी, व्हॉल्व्ह, मिक्सिंग, हे नाशिकच्या द्राक्षवाल्यांसाठी ब्लोअर बनवणारे लोक वर्षानुवर्षं करतायत, सांगली-तासगावला पण आहेत. त्यांना कोणी ब्राझील सांगतच नाही, सगळे ड्रोन ड्रोन करतात. दुसरं एक, आणि हे माझं आवडतं आहे: उसाच्या खोडकिडीवर तिकडे ड्रोनमधून कोटेशिया नावाची बारीक गांधीलमाशी सोडतात, तिचे कोष शेतावर ठरावीक अंतरावर टाकत जायचे. आपल्याकडे मांजरीचं व्हीएसआय (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) आणि कारखाने ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकीटकाची अंडी चिकटवलेली कार्डं, देतात, ती आपण हाताने पानाला लावतो, म्हणजे मित्रकीटकाचं गणित आपल्या ऊसवाल्याला नवीन नाही. तो कोष टाकणारा जो छोटा डिस्पेन्सर असतो तो हलका, स्वस्त, कोष न चिरडणारा पाहिजे, कुठल्याही ड्रोनला बसला पाहिजे. पुण्यातली इंजिनिअरिंगची पोरं हे एका सेमिस्टरमध्ये करतील, आधी इथल्या उसात वापरून बघतील, मग रिबेराव प्रेतोला ॲग्रीशो भरतं दरवर्षी एप्रिलच्या शेवटी, उसाच्या पट्ट्यातच, तिथे नेऊन दाखवतील. आख्खा ड्रोन विकायच्या नादापेक्षा हे मला जास्त पटतं.

ब्राझीलच्या कागदाबद्दल लेखात एक ओळ होती, 'करप्रणाली थोडी क्लिष्ट'. थोडी! आयात कर, त्यावर आयपीआय, शिवाय पीआयएस-कोफिन्स, आणि या सगळ्यांवर राज्याचा आयसीएमएस, असे कर चढत जातात, आता जीएसटीसारखं काहीतरी आणतायत पण ते पूर्ण व्हायला २०३३ उजाडणार. मालाला आठ आकडी एनसीएम कोड लागतो, चुकला तर किमतीच्या १ टक्का दंड, वर माल अडकतो ते वेगळंच. तिकडे ज्या मशीनला देशी पर्याय नाही त्यावर आयात कर कमी करून घ्यायची सोय आहे, एक्स-तारिफारियो म्हणतात, पण हे तिकडच्या खरेदीदाराने अर्ज करून मिळवायचं असतं, आपण फक्त त्याला आठवण करू शकतो. आपला आणि मेर्कोसुरचा, म्हणजे ब्राझील-अर्जेंटिना वगैरे देशांच्या व्यापारी गटाचा, करार २००९ पासून आहे, पण तो जेमतेम साडेचारशे वस्तूंचा, त्यामुळे आपला माल त्यात आहे का ते आधी बघा, मग कोटेशन द्या.

आणि सगळं पोर्तुगीजमध्ये. मॅन्युअल, लेबल, करार. इंग्रजीवर भागेल असं समजू नका, मोठ्या कंपनीत भागतं, डीलरकडे आणि कस्टममध्ये नाही. इथे मला राहून राहून एक वाटतं की गोवा आपल्या शेजारी आहे, गोवा युनिव्हर्सिटीत पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीत पोर्तुगीज शिकवणारे आहेत, त्या मुलांना ट्रान्सलेशनची कामं मिळत नाहीत आणि आम्ही गुगलने भाषांतर केलेले कॅटलॉग ब्राझीलला पाठवतो. एखाद्या चेंबरने चार गोव्याची मुलं पगारावर ठेवावीत, टेक्निकल शब्द आम्ही शिकवू. ब्राझीलचा घड्याळाचा फरक साडेआठ तासांचा, त्यांचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे इथला माणूस सेकंड शिफ्टला बसवला की झालं.

सरकारकडे मागणं एकच आहे, शिष्टमंडळं कमी न्या. त्या पैशात पिंपरी-चिंचवड किंवा कोल्हापूरला एक कॉमन ॲनोडायझिंग आणि एनडीटी सेंटर काढा, नॅडकॅपवालं, सांडपाण्याच्या ट्रीटमेंटसकट, म्हणजे प्रदूषण मंडळाची परवानगी एकदाच काढायची. केंद्राच्या क्लस्टर योजनेत कॉमन फॅसिलिटीला पैसे मिळतात, फक्त अर्ज करायला वीस-पंचवीस गाळेवाल्यांनी एकत्र यावं लागतं आणि तिथेच आमचं घोडं अडतं, एकमेकांचे गिऱ्हाईक पळवायची भीती. ते आम्ही आमचं बघू. पण तुम्ही निदान पुढच्या लेखात अशा सेंटरवर लिहा, कोणाला परवडतं, कुठे अडतं, बेळगाववाल्यांनी कसं केलं. वाचक वाढतील.

आपला,
भोसरीचा एक वर्कशॉपवाला

ता. क. तरीही जे शिष्टमंडळात निघालेत त्यांनी यलो फीव्हरची लस घ्या, निघायच्या किमान दहा दिवस आधी, आणि सरकारमान्य सेंटरमध्येच, पिवळं कार्ड मिळतं ते पासपोर्टबरोबर ठेवा. ब्राझीलहून परत येताना ते नसेल तर इथे एअरपोर्टवरून थेट क्वारंटाइनमध्ये टाकतात.